ऊन पाण्याची परिभाषा

आमच्या लहानपणी ऊन पाण्याची परिभाषा फार थोडी होती, आणि ती सारी न्हाणीघरात मावत असे. वाईस आमच्या जुन्या घराच्या मागील पडवीत तांब्याचा एक बंब होता. मध्ये विस्तवाचे नळकांडे, त्याच्या भोवती पाणी, वर धुराडे आणि खाली राख पडावयाची जाळी, एवढीच त्याची रचना. गोवऱ्या व लाकडाच्या ढलप्या हे त्याचे खाद्य. त्यातून निघणारे पाणी कधी कोमट असे, कधी ऊन असे, कधी कढत असे. कढत पाण्यात विसण घातले म्हणजे ते सोसवेल असे होई. एवढ्या पाचसहा शब्दांच्या भांडवलावर आठ माणसांच्या घराच्या आंघोळी रोज बिनबोभाट पार पडत. पाणी किती अंशांचे आहे हे कोणी कोणास विचारीत नसे, कारण अंश मोजण्याचे साधन घरात एकच होते, आणि ते म्हणजे आमच्या वडील बहिणीचा हात.

बंबाचे खाते अक्काकडे होते. ती आमच्याहून आठ वर्षांनी मोठी. पहाटे उठून ती बंब पेटवी, घंगाळात पाणी काढी, विसण घाली, मनगटापर्यंत हात बुडवून पाही आणि मग आम्हांस हाक मारी. हाकेसरशी अंथरूण सोडण्याचा आमचा स्वभाव नव्हता. तेव्हा ती घंगाळावर एक मोठी परात पालथी घाली आणि आपल्या दुसऱ्या कामास लागे. अर्ध्या घटकेने आम्ही डोळे चोळीत न्हाणीत गेलो, तरी परातीखालचे पाणी तसेच ऊन असे. याचे आम्हांस कधी आश्चर्य वाटले नाही. लहानपणी जे आयते मिळते त्याचे आश्चर्य वाटत नाही. ते वाटावयास म्हातारपण यावे लागते.

ते आता आले आहे. २०२२ च्या पावसाळ्यात अक्का, तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, वाईच्या घरी ओल्या फरशीवरून घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया पुण्यास झाली व पुढील शुश्रूषेसाठी ती आमच्याकडेच राहिली. जखम पूर्ण भरून आल्यावर डॉक्टरांनी सांगितले की, आता यांनी रोज पाण्यात चालावे. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले म्हणजे पायांवर शरीराचा भार सुमारे निम्माच येतो, आणि छातीएवढ्या पाण्यात त्याहूनही कमी; त्यामुळे जे पाऊल जमिनीवर टाकवत नाही ते पाण्यात टाकता येते. मात्र पाणी ऊन हवे. गार पाण्यात स्नायू आखडतात व फायद्याऐवजी तोटा होतो. अक्काने एवढेच विचारले, "मग मला कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या उतरता येतील का?" डॉक्टर म्हणाले, "हिवाळाभर पाण्यात चाललात तर का नाही?" हा 'तर' त्या वेळी आमच्या लक्षात राहिला नाही.

आमच्या गृहरचना संस्थेच्या आवारात पोहण्याचा एक तलाव आहे. पंधरा मीटर लांब, सात मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटरास थोडा कमी खोल. तो बांधणाराने घरे विकण्याच्या सोयीसाठी बांधला व आम्ही तो जपण्याच्या गैरसोयीसाठी पत्करला. उन्हाळ्यात त्यात मुले असतात, पावसाळ्यात पाऊस असतो आणि हिवाळ्यात कोणीच नसते. कारण पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा दहाबारा अंशांपर्यंत उतरतो आणि तलावाचे पाणी बावीस अंशांच्या खाली जाते. हा तलाव तापवावा अशी सूचना आम्ही समितीपुढे मांडली. अक्काखेरीज गुडघेदुखीने गांजलेली आणखी सातआठ माणसे संस्थेत होती. ती सारी आमच्या बाजूस आली. दरपत्रके मागविण्याचे ठरले, आणि ती वाचून समितीस समजावून सांगण्याचे काम आम्हांकडे आले. आम्ही पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकविलेले असल्यामुळे, जे कोणास समजत नाही ते आम्हांस समजत असेल, असा आमच्या शेजाऱ्यांचा प्रेमळ गैरसमज आहे.

तीन दरपत्रके आली आणि तिन्ही तीन भाषांत होती. पहिल्यात यंत्राची शक्ती चाळीस किलोवॅट लिहिली होती, दुसऱ्यात एक लाख छत्तीस हजार बीटीयू आणि तिसऱ्यात बारा टन. एकच माल कोणी शेराने, कोणी किलोने व कोणी टोपल्यांनी विकावा, तसा हा प्रकार. आम्ही शब्दकोश, शाळेतील विज्ञानाची जुनी पुस्तके आणि नातवाची मदत घेऊन बसलो. आणि खरे सांगावयाचे तर त्या पंधरा दिवसांत आम्हांस जितका आनंद झाला तितका पुष्कळ वर्षांत झाला नव्हता. शब्दाचे मूळ सापडले म्हणजे वस्तूच हाती आल्यासारखे वाटते. हा आनंद किती फसवा असतो ते पुढे येईलच.

बीटीयू म्हणजे ब्रिटिश उष्णतेचे माप. एक पौंड पाणी एक फॅरनहाइट अंशाने तापविण्यास जी उष्णता लागते ती एक बीटीयू. पौंड आणि फॅरनहाइट यांचे राज्य आपल्याकडून कधीच गेले. परंतु साहेब गेल्यावरही त्याचे शब्द कचेरीत राहावेत तसे हे माप यंत्रांच्या पाटीवर राहिले आहे. टनाची कथा याहून मौजेची. येथे टन हे वजनच नव्हे. थंडी करण्याची यंत्रे निघण्यापूर्वी थंडावा विकत मिळे तो बर्फाच्या रूपाने. अमेरिकेतील तळ्यांवर हिवाळ्यात बर्फ कापून तो जहाजांनी देशोदेशी जात असे. १८३३ साली बोस्टनहून निघालेला असा बर्फ कलकत्त्यास उतरला आणि पुढे तो मुंबईसही येऊ लागला. यंत्रे निघाली तेव्हा गिऱ्हाइकास समजेल अशा मापात त्यांची शक्ती सांगणे भाग होते. म्हणून दोन हजार पौंडांचा एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता ज्या यंत्रास ओढता येते ते एक टनाचे यंत्र ठरले. हिशेबाने ते ताशी बारा हजार बीटीयू, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट होतात. या त्रैराशिकाने तिन्ही दरपत्रके आम्ही एका भाषेत आणली, आणि तिन्ही यंत्रे जवळजवळ सारख्याच शक्तीची निघाली. ज्या बारा टनांच्या भाराने गच्ची खचेल की काय, अशी भीती आमच्या अध्यक्षांस वाटत होती, तो भार अशा रीतीने हलका झाला.

'हीट पंप' या शब्दाने मात्र समितीत खरा वाद माजविला. दरपत्रकात लिहिले होते की, या यंत्राचा सीओपी पाच आहे. म्हणजे विजेचे एक युनिट खर्च केले असता पाच युनिटांइतकी उष्णता पाण्यास मिळते. आमचे खजिनदार आयुष्यभर बँकेत होते. एकाचे पाच करून देणारी योजना ऐकताच त्यांचा चेहरा कठोर झाला, व "असल्या योजना आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत" एवढे बोलून त्यांनी कागद मिटला. त्यांस आम्ही मोटेचा दृष्टान्त दिला. बैल मोट ओढतात तेव्हा पाटातून जे पाणी वाहते ते बैलांच्या वैरणीतून निघालेले नसते. ते विहिरीत होतेच, बैलांनी ते फक्त वर आणले. तसेच हे यंत्र उष्णता निर्माण करीत नाही. भोवतालच्या हवेत जी उष्णता आहे ती ओढून ते पाण्यात नेऊन ओतते, आणि वीज लागते ती या ओढण्यास. घरातील शीतकपाट हेच करते. आतील उष्णता काढून ते पाठीमागे टाकते, म्हणून त्याची पाठ ऊन लागते. १८५२ साली विल्यम टॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झाले, त्यांनी हे तत्त्व इमारतींसाठी सुचविले होते. खजिनदारांनी कागद पुन्हा उघडला.

त्यांच्याच हातून दुसरी एक गंमत घडली. 'टर्नओव्हर सहा तास' हे वाचून त्यांनी विचारले, "वार्षिक उलाढाल तासांत कशी?" तलावाच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ वेगळा. तलावात जितके पाणी आहे तितके पंपाने एकदा गाळणीतून फिरविण्यास लागणारा वेळ, तो टर्नओव्हर. दुसऱ्या दोन शब्दांनी तर आम्हांस थेट वाईस नेले. 'हीट एक्स्चेंजर' म्हणजे जेथे उष्णता देणारा व घेणारा एकमेकांस न शिवता, मधल्या पातळ धातूतून देवाणघेवाण करतात ते पात्र. मग आमचा बंब दुसरे काय होता? फरक इतकाच की, तलावाच्या पाण्यातील क्लोरीन तांब्यास खाते, म्हणून येथे टायटॅनियमची नळी घालतात. 'बायपास' म्हणजे सारे पाणी यंत्रातून न नेता काही बाजूने नेऊन पुढे तापलेल्या पाण्यात मिसळण्याची वाट. हे तर विसणच! आणि 'फ्लो स्विच' म्हणजे पाणी वाहत नसेल तर यंत्र सुरूच होऊ न देणारी कळ. पाणी भरल्यावाचून बंब पेटवू नये, सांधे सुटतात, हा आमच्या आजीचा दंडक होता. तो आता एका कळीत जाऊन बसला होता.

एका सभासदांचा आक्षेप निराळा होता. "ही स्पाची आणि जाकुझीची चैन आपल्या संस्थेस कशास?" असे ते म्हणाले. आम्ही त्यांसही शब्दांच्याच वाटेने नेले. स्पा हे बेल्जममधील एका गावाचे नाव. तेथील लोहयुक्त झऱ्यांचे पाणी पिण्यास रोगी जात, आणि त्या गावाचे नाव पुढे अशा सर्वच जागांस पडले. मौज अशी की, तेथील ते प्रसिद्ध झरे थंड आहेत. आपल्याकडे दापोलीजवळ उन्हवरे आहे, राजापूरजवळ उन्हाळे आहे. त्या गावांच्या नावांतच पाण्याची ऊब आहे, परंतु जगाने नाव उचलले ते गार पाण्याच्या गावाचे. जाकुझी हे तर आडनाव. इटलीतून अमेरिकेत गेलेले हे भाऊ शेतीचे पंप करीत. त्यांपैकी कँडिडो यांच्या लहानग्या मुलास, केनेथला, सांधेदुखीने ग्रासले. रुग्णालयात त्यास ऊन पाण्याच्या धारांनी आराम वाटे, पण तेथे रोज कोठून जावयाचे? म्हणून १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बापाने घरच्या टबात ठेवता येईल असा पंप त्या मुलासाठी केला. ज्या शब्दास आज श्रीमंतीचा वास येतो त्याच्या मुळाशी एक दुखणाईत मूल आहे. हे ऐकून ते सभासद म्हणाले, "मग अक्कांसाठी होऊन जाऊ द्या." आमच्या वक्तृत्वाचा तो विजय होता, आणि त्याच्या धुंदीतच आमच्या हातून चूक झाली.

खर्च अंदाजाहून अधिक येत होता. काही तरी कमी करा, असे समितीने सांगितले. दरपत्रकाची एकेक ओळ आम्ही बोटाखाली घेतली. टायटॅनियम काढता येईना, पंप काढता येईना. सर्वांत शेवटी एक ओळ होती: तलावाचे तरंगते कव्हर व ते गुंडाळण्याचा रूळ. साऱ्या कागदात हा एकच शब्द असा होता की ज्यासाठी आम्हांस कोश उघडावा लागला नाही. कव्हर कोणास ठाऊक नाही? आमच्या घरी रेडिओस भरतकामाचे कव्हर होते, पेटीस होते, शिवणयंत्रास होते. धूळ बसू नये म्हणून घालावयाचे ते कव्हर. "तलावात पाने पडतात ती काढावयास माळी आहे, त्यासाठी इतके रुपये कशास?" असे म्हणून आम्ही स्वहस्ते त्या ओळीवर रेघ मारली. समितीने बाके वाजविली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यंत्र सुरू झाले. आमचा हिशेब चोख होता. तलावात एक लाख सव्वीस हजार लिटर पाणी. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी लागते. आहाराच्या पुस्तकात जिला नुसते कॅलरी किंवा उष्मांक म्हणतात ती हीच. बावीसवरून तीस अंशांवर न्यावयाचे म्हणजे दहा लाख आठ हजार किलोकॅलरी. विजेच्या मापाने सुमारे ११७२ युनिटे. चाळीस किलोवॅटचे यंत्र तीस तासांत हे काम करील, म्हणजे दोन दिवसांत तलाव सोसवेल असा होईल, हे आम्ही अक्कास सांगून ठेविले होते. तिने पेटीतून जुना सुती पोशाख काढून, तो उसवून, पाण्यात उतरण्याजोगा शिवून ठेविला.

दोन दिवस झाले, चार झाले, दहा झाले. पाणी पंचवीस अंशांवर जाऊन बसले आणि तेथून हलेना. यंत्र रात्रंदिवस घरघरत होते. पहाटे आम्ही तलावाच्या काठी जाऊन तापमापक बुडवीत असू, आणि त्या वेळी पाण्यावरून वाफेचे पांढरे लोट उठताना दिसत. तो देखावा इतका रमणीय असे की, बंगल्याच्या ओसरीवर बसून महाबळेश्वरचे धुके पाहावे तसे आम्ही तो पाहत उभे राहत असू. एकदा अक्कास आम्ही हात धरून पायरीपर्यंत नेले. तिने वाकून मनगटापर्यंत हात घातला, क्षणभर ठेविला आणि काढून पदरास पुसला. "नाही रे," एवढेच ती म्हणाली. महिनाअखेर विजेचे देयक आले. ते पाहून खजिनदारांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात समितीने यंत्र बंद केले.

यंत्र तपासण्यास एक तरुण कारागीर आला. पंचवीस वर्षांचा असेल. त्याने यंत्राची दारे उघडली, मापे घेतली आणि म्हणाला, "काका, मशीन चांगलं आहे. पण रात्री बाहेर बारा डिग्री हवा. तिच्यातून ते किती ऊब काढणार?" पाच हा जो आकडा दरपत्रकात होता तो सत्तावीस अंश हवा, तितकेच ऊन पाणी आणि ऐंशी टक्के आर्द्रता धरून काढलेला होता. चाळीस किलोवॅटही त्याच हवेतले. विहिरीचे पाणी खोल गेले म्हणजे तोच बैल थोडीच मोट ओढतो; मोटेचा दृष्टान्त आम्हीच दिला होता, पण विहीर आटते हे आमच्या ध्यानात आले नव्हते. मग तो मुलगा काठावर आला, इकडेतिकडे पाहू लागला व त्याने विचारले, "कव्हर कुठं ठेवलंय?"

कव्हर घेतले नाही, असे आम्ही सांगितले. तो आमच्याकडे पाहतच राहिला. मग अगदी सौम्यपणे म्हणाला, "सकाळी पाण्यावरून धूर निघतो ना, काका? तीच तुमची सगळी ऊब. ती वर चालली आहे."

त्या रात्री आम्ही शाळेचे पुस्तक पुन्हा काढले. पाण्याची वाफ होते तेव्हा ती आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. तिला आमच्या वेळी 'गुप्त उष्णता' म्हणत. तलावाच्या ऊन पाण्यातील एक लिटर पाणी वाफ होऊन उडाले की सुमारे पाचशे ऐंशी किलोकॅलरी नेते. तलावाचा पृष्ठभाग एकशे पाच चौरस मीटर. दिवसास पाणी केवळ पाच मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाच्या अर्ध्याइतके उडते असे धरले, तर सव्वापाचशे लिटर झाले, आणि त्यांच्याबरोबर तीन लाखांहून अधिक किलोकॅलरी गेल्या. सारा तलाव रोज जवळजवळ अडीच अंशांनी थंड व्हावा एवढी ही लूट! उघड्या तलावाची जी उष्णता जाते तिच्यातला सर्वांत मोठा वाटा या एकाच वाटेने जातो. आणि ती वाट बुजविण्याचे साधन म्हणजे पाण्यावर सपाट पसरलेले एक साधे, बुडबुड्यांचे प्लॅस्टिकचे झाकण. ज्या शहरात उन्हाळ्यात टँकरने पाणी विकत घ्यावे लागते, तेथे सव्वापाचशे लिटर पाणी रोज हवेत सोडण्याचे पाप ते निराळेच. गुप्त उष्णता हा शब्द आम्ही कित्येक मुलांस शुद्ध लिहावयास शिकविला होता. ती आमच्या डोळ्यांसमोर दररोज पहाटे पांढऱ्या लोटांनी उघडपणे निघून जात होती, आणि आम्ही तिची शोभा पाहत उभे होतो.

पुस्तक मिटताना आम्हांस ती परात आठवली.

संपूर्ण रात्र आम्हांस झोप लागली नाही. बीटीयू, टन, सीओपी या शब्दांनी आम्हांस फसविले नव्हते. ते अनोळखी होते, म्हणून त्यांस आम्ही दारातच थांबवून नावगाव विचारले. ज्याने घर लुटले तो शब्द ओळखीचा होता. त्यास आम्ही काही न विचारता आत घेतले, किंबहुना काही न विचारता बाहेर घालविले. 'कव्हर' याऐवजी तेथे 'झाकण' असे लिहिले असते तर कदाचित आमचा हात अडखळला असता. परंतु हा दोष परभाषेवर ढकलण्यात अर्थ नाही. कारागिरास तोच शब्द होता आणि त्यास त्याचा अर्थ ठाऊक होता, कारण त्याने वस्तू पाहिली होती. आम्ही शब्द पाहिला होता.

सकाळी आम्ही अक्कास सारे सांगितले. ती खुर्चीत बसून तांदूळ निवडीत होती. ऐकून घेऊन ती म्हणाली, "तू मला विचारलं का नाहीस?" या प्रश्नात राग नव्हता, म्हणूनच त्यास उत्तर देता आले नाही. एवढ्या मोठ्या यंत्राविषयी बंबाजवळ जन्म घालविलेल्या बाईस काही विचारावे, हे पंधरा दिवसांच्या अभ्यासात आमच्या मनासदेखील शिवले नव्हते.

वार्षिक सभेत आम्ही उभे राहून आपली चूक सांगितली, आणि कव्हराचा खर्च आपण देऊ असे म्हटले. सभेने तो घेण्याचे नाकारले व खर्च संस्थेने केला. या बाबतीत माणसांनी जे औदार्य दाखविले त्याचे ऋण आमच्यावर आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात निळ्या रंगाचे ते झाकण आले. सूर्य मावळण्यापूर्वी दोघांनी धरून ते पाण्यावर पसरावे व सकाळी रुळावर संपूर्ण गुंडाळून घ्यावे. अर्धवट गुंडाळून कोणीही पाण्यात उतरू नये, कारण त्याखाली माणूस सापडला तर दिसत नाही, असा नियम आम्ही स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीवर लाविला. यंत्र रात्रीऐवजी दुपारी, हवा ऊन असताना चालविण्याचे ठरले. सहाव्या दिवशी पाणी एकोणतीस अंशांवर गेले. पहाटे झाकण गुंडाळले तेव्हा थोडी वाफ उठली. या खेपेस आम्ही तिच्याकडे कवीच्या दृष्टीने पाहिले नाही.

अक्कास आम्ही पायरीपाशी आणले. शिवून ठेविलेला तो पोशाख वर्षभर पेटीत पडून होता. ती खाली वाकली, मनगटापर्यंत हात बुडविला आणि थोडा वेळ तसाच ठेविला. आमच्या खिशात तापमापक होता, तो आम्ही काढला नाही.

"सोसवेल," ती म्हणाली आणि कठड्यास धरून पाण्यात उतरली.

तो हिवाळाभर ती रोज चालली. पहिल्या महिन्यात काठाकाठाने, मग आमचा हात धरून, मग हात सोडून. परंतु डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते की, हाड जुळल्यानंतरचे पहिले महिने जे काम करतात ते पुढचे महिने तितके करीत नाहीत. स्नायू एकदा आखडून बसले की पूर्ववत सैल होणे कठीण. ते खरे ठरले. अक्का आज काठी घेऊन चालते, स्वयंपाकघरात उभी राहते, लिफ्ट बंद असल्यास एक जिना हळूहळू उतरते. एक पाय मात्र थोडा ओढतो, आणि तो ओढणारच.

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही तिला वाईस घेऊन गेलो. ढोल्या गणपतीचे दर्शन झाल्यावर ती घाटाच्या पायऱ्यांकडे वळली. एका हाती काठी व दुसऱ्या हाती आमचा खांदा धरून चार पायऱ्या उतरली, आणि पाचवीवर बसली. खाली आणखी पुष्कळ पायऱ्या होत्या, आणि त्यांच्या खाली पाणी होते. बराच वेळ ती नदीकडे पाहत होती. मग म्हणाली, "तू जाऊन ये. पाणी कसं आहे ते सांग मला."

आम्ही खाली जाऊन मनगटापर्यंत हात घातला, क्षणभर ठेविला, आणि वर येऊन सांगितले की, गार आहे.